सेकंडचा माल

त्या वर्षी बोनस अर्धा पैशांत आला
आणि अर्धा चादरींत.
दोन चादरी, सेकंडचा माल,
शेठनं जुन्या वर्तमानपत्रात बांधून दिलेल्या.
सुतळीची गाठ मात्र फर्स्ट क्लास.

अम्मानं हिशेब मांडला.
तिची बोटं तशीही मोजत असायचीच:
पंचवीस विड्यांचा एक कट्टा,
चाळीस कट्ट्यांचे हजार,
हजारात रवा येतो किंवा तेल,
दोन्ही येत नाही.
"मंगळवार बाजारात दोन्ही चादरी जातील," ती म्हणाली,
"पोरींचे फ्रॉक निघतील."
नायना काही बोलला नाही.

धनत्रयोदशीला संध्याकाळी
दत्तनगरातले माग बंद झाले.
आधी आमच्या गल्लीतले, मग मागच्या,
मग पिठाच्या गिरणीशेजारचे शेवटचे चार.
वर्षभर आमच्या भिंती थरथरायच्या,
फळीवरचे पेले एकमेकांना टेकून
बारीक वाजत राहायचे.
तेही थांबले.
धाकटी भेदरून म्हणाली,
"अम्मा, माझे कान गेले!"

कान गेले नव्हते.
घड्याळ टिकटिकत होतं. ते टिकटिकतं
हे मला दहाव्या वर्षी कळलं.
तेलात गरिजालू सोडल्या की चुरचुरतात,
मराठी शेजारणी त्यांना करंज्या म्हणतात,
चुरचुरतात मात्र सारख्याच.

मग नायनानं सुतळी सोडली.
दोन्ही चादरी फरशीवर पसरल्या,
गुडघ्यांवर बसून हात फिरवत गेला,
हरवलेलं नाणं शोधावं तसा.
दुसरीवर थांबला.
मोराच्या मानेत एक आडवी रेघ होती,
माग एकाएकी थांबला की उमटते तशी.
"ही माझी," म्हणाला.

गणपतीनंतरची डबल पाळी.
पहाटे साडेतीन.
उभ्या उभ्या डुलकी लागली,
बाही पट्ट्यात गेली.
शेजारच्या मागावरच्या दस्तगीरनं
धावत येऊन खटका पाडला.
"झोपतो काय बे, मल्लेशम!" एवढंच बोलला
आणि आपल्या मागावर परत गेला.
शेठनं तीन दिवसांची मजुरी कापली, मीटरभर माल खराब म्हणून.

नायनानं हात पुढे धरला.
पाच बोटं.
आम्ही तिघींनी ती मोजली,
अम्मानं दोनदा.
"दोन महिने झाले," ती म्हणाली,
"आणि मला आज सांगता?"
मग झाऱ्या तेलातच ठेवून
ती मोरीत गेली, बराच वेळ पाणी ओतत राहिली.

बाजारात एकच चादर गेली.
फ्रॉक एकच निघाला, निळा.
सकाळी धाकटीनं घातला, संध्याकाळी मी.
तिला पोटरीपर्यंत, मला गुडघ्याच्या वर.
फोटो काढायला कुणी नव्हतं,
म्हणून आम्ही दोघी त्यात छानच दिसलो.

दस्तगीरकाकांकडे ताट मी नेलं.
अम्मानं निरोप दिला होता, चांगला लांबलचक,
तेलुगूतून मराठीत आणेपर्यंत
तो माझ्या तोंडात एवढासा झाला:
"अम्मा म्हणाली, बोटं आहेत."
काका हसले. म्हणाले,
"मी काय केलं बे, त्याच्या मागाचा आवाज बदलला,
म्हणून वळून बघितलं."
ताट परत येताना रिकामं नव्हतं.
काकींनी शेंगाचटणी घातली होती,
इतकी तिखट की धाकटी
पुन्हा म्हणाली, कान गेले.

थंडी अजून पडायची होती,
तरी त्या रात्री आम्ही ती चादर काढली.
चौघांना पुरत नव्हती.
कुणाचे तरी पाय बाहेर राहायचे, बहुतेक नायनाचे.
अंधारात अम्माचा हात
कापडावरून सरकत गेला,
रेघ लागली तिथे थांबला,
आणि मग तिचा श्वास संथ झाला.
एवढं सगळं ऐकू येत होतं तेव्हा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला
गल्लीतला पहिला माग सुरू झाला.
पेले थरथरले.
"चहा!" नायना ओरडला.
"काय?" अम्मा ओरडली.